धारूळचं खरं अंतर

बयनाबाई मांदाळे काट्यावर चढण्याआधी चपला काढायला लागल्या, तेव्हा मी म्हटलं, "मावशी, राहू द्या. चपलांसकटच वजन घ्यायचं असतं."

"काट्यावर चपलेचा पाय कसा ठेवू बाई?" त्या म्हणाल्या. "लक्ष्मी व्हय ते."

त्यांचंही खरंच होतं. विमानतळासाठी मागवलेला काटा वेळेवर आला नव्हता, म्हणून आमच्या कंपनीनं एका अडत्याकडून धानाची पोती मोजायचा काटा उचलून आणला होता. त्याच्या दांडीवर दसऱ्याची हळदकुंकवाची बोटं तशीच होती. बयनाबाईंनी चपला हातात घेतल्या, काट्याला नमस्कार केला आणि उभ्या राहिल्या. चपला धरून सेहेचाळीस किलो. त्यांच्यामागून त्यांचे यजमान लटारू मांदाळे, वनखात्याच्या रोपवाटिकेतून निवृत्त झालेले, बावन्न किलो. दोघांत मिळून एक कापडी पिशवी आणि एक जाडजूड फाईल, पाच किलो. एकूण एकशे तीन. मी आकडे लिहून घेतले.

"मानसाले काहून मोजून राहिले मॅडम?" लटारूकाकांनी विचारलं. "तिकीट किलोवर लागते का?"

"छोटं विमान आहे काका. नऊच माणसं बसतात. वजन जास्त झालं तर उन्हात उचलत नाही."

"आमचं तं काई जास्त नाई ना?"

"तुमचं दोघांचं मिळून एका माणसाइतकं आहे."

बयनाबाई हसल्या. काका मात्र हसले नाहीत. त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं, "साडेनवाले निघते ना नक्की? आमाले तीन वाजता दवाखान्यात कमिटीपुढं उभं राहाचं हाय. दोघायलेबी. मयन्यातून एकच डाव बसते ते."

"कसली कमिटी?"

"सुनेच्या आपरेशनची," काका म्हणाले आणि फाईल छातीशी धरून खुर्चीवर जाऊन बसले. औषधपाण्याला मदत देणारी एखादी कमिटी असेल असं मी समजले. पुढे विचारलं नाही.

ही बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते आणि वडसाळ्याच्या विमानतळावर डिस्पॅचर होते. विमान उडायच्या आधी अंतर किती, इंधन किती, माणसं आणि सामान किती, हवा किती तापलीय, हे सगळं मांडून जो कागद तयार होतो, तो करणारी मी. त्या कागदावर माझी आणि कॅप्टनची अशा दोन सह्या लागत. एक जरी नसली तरी विमान जागचं हलत नसे. आमच्या गावातल्या लोकांना वाटे की मी विमानात चहा देते. मीही कोणाला दुरुस्त करत बसले नाही.

वडसाळा म्हणजे विदर्भ संपून जंगल सुरू होतं तिथलं गाव. तिथून मराठवाड्यातल्या धारूळला जायचं तर दोन गाड्या आणि एक एसटी बदलून पंधरा तास लागत. विमानानं अंतर दोनशे सत्तर किलोमीटर. विमानतळाच्या दारावर त्या दिवशी मोठा फलक लागला होता, 'पन्नास मिनिटांत धारूळ'. मे महिन्यातला मंगळवार होता, आमची पहिली प्रवासी फेरी होती. पुढची फेरी शुक्रवारी.

आठ प्रवासी वेळेवर आले. मांदाळे पतीपत्नी, दोन पत्रकार, राइस मिलवाले नरड आणि त्यांची बायको, एक निवृत्त तहसीलदार, एक बियाण्यांचे एजंट. नववे होते आमचे आमदार बाबारावजी ठेंगरे. धारूळला त्यांचा सत्कार ठेवलेला होता. साडेनऊ झाले, दहा झाले, आमदारांचा पत्ता नव्हता. धावपट्टीवर ऊन चढत होतं आणि लटारूकाका दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होते.

कॅप्टन वर्दे माझ्या खोलीत आले. सैन्यातून निवृत्त झालेला, कमी बोलणारा माणूस. "उशिरानं निघालो तर धारूळला किती वाजता पोचू ते मांडून ठेव," ते म्हणाले. "तिकडे बँडवाले थांबलेत म्हणे."

म्हणून मी जानेवारीतली फाईल काढली. तेव्हा आमची एक चाचणी फेरी झाली होती, दुसऱ्या वैमानिकांनी केलेली, विमानात तिघंच होते. ती फाईल मी आधी तीनदा वाचली होती. जातानाच्या पानावर लिहिलं होतं, 'दहा मिनिटे उशीर, समोरचा वारा.' येतानाच्या पानावर लिहिलं होतं, 'दहा मिनिटे उशीर, समोरचा वारा.'

चौथ्यांदा वाचताना माझा हात थांबला. जाताना वारा समोरून होता, तर येताना तो पाठीमागून हवा. की वारा धारूळला जेवला आणि आमच्यासाठी परत फिरला?

मी धारूळच्या विमानतळावर फोन लावला. तिथं अझहर सय्यद नावाचे गृहस्थ ड्यूटीवर होते. मी म्हटलं, "सय्यदभाई, तुमच्या धावपट्टीचे अक्षांश-रेखांश तिथं पाटीवर असतील. वाचून दाखवा."

त्यांनी वाचले. मी माझ्या कागदावरचे बघितले. जुळत नव्हते.

"तुमच्याकडं कुठले आहेत?" त्यांनी विचारलं. मी सांगितले. ते हसले. "ताई, हे तर जुन्या पट्टीचे. कापसावर फवारणीची विमानं उतरायची ना, ती पट्टी. ती गावाला लागून आहे. नवं विमानतळ इकडं डोंगराखाली बांधलंय, जमीन इथंच मिळाली म्हणून. गावापासून पन्नास किलोमीटर, तुमच्याकडून आणखी पलीकडं. नाव तेवढं धारूळचं."

आमच्याकडे विमानतळांची हीच तऱ्हा आहे. नाव जिल्ह्याच्या गावाचं आणि पट्टी कुठल्या तरी माळावर. मला हे माहीत नव्हतं असं नाही. पण माझ्याकडच्या जुन्या यादीत धारूळ एकच होतं, ते मी उचललं आणि दुसरंही एक असेल का, हे कोणाला विचारलं नाही. माझे वडील सुतार. आमच्या घरात दोनदा मोजल्याशिवाय करवत लावत नसत, आणि मी मोजलं होतं एकदा, तेही दुसऱ्याच्या पट्टीनं.

अंतर दोनशे सत्तर नव्हतं. तीनशे वीस होतं. आणि धारूळला इंधन मिळत नसे, त्यामुळे परतीचं इंधनही इथूनच भरून न्यावं लागे. म्हणजे चूक जायची पन्नास आणि यायची पन्नास. शंभर किलोमीटरचं जास्तीचं इंधन टाकीत घालायचं, तर तेवढं वजन विमानातून कमी करायला हवं.

मी पाच मिनिटं खुर्चीत बसून राहिले. खोटं कशाला बोलू, मला भीती वाटली ती अपघाताची नाही. चूक माझी होती आणि ती माझ्याशिवाय कोणालाच दिसलेली नव्हती. फाईल बंद करायला एक हात पुरला असता.

बाहेर ढोल वाजायला लागले. आमदार आले होते. पावणेअकरा झाले होते.

बाबारावजी हसतमुख, धिप्पाड माणूस. गळ्यात तीन हार. मी त्यांना काट्यावर उभं राहायला सांगितलं तेव्हा त्यांचे कार्यकर्ते हसले. एक म्हणाला, "साहेबांचं वजन पुऱ्या जिल्ह्याले माईत हाय." मी म्हटलं, "मला माहीत नाही, मला लिहायचंय." आमदार हारांसकट उभे राहिले. बॅग धरून एकशे आठ किलो. मग ते फीत कापायला गेले.

मी पारा बघितला. त्रेचाळीस. साडेनऊला निघालो असतो तर चाळीससुद्धा नव्हता. तापलेल्या हवेत विमान कमी वजन उचलतं, त्यामुळे आमदारांच्या उशिराचेही वीसेक किलो गेले होते. अंतराचे ऐंशी आणि उन्हाचे वीस. विमानात शंभर किलो जास्त होत होते.

मी आमच्या स्टेशन मॅनेजर निमकरांकडे गेले. मुंबईहून आलेले, नीटनेटके, वाईट नसलेले गृहस्थ. हेही सांगायला हवं.

"साहेब, नऊ जण जाऊ शकत नाहीत. शंभर किलो जास्त आहेत."

"काल संध्याकाळी नऊ जात होते."

"काल माझं अंतर चुकलेलं होतं." मी त्यांना सगळं सांगितलं.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "हे अजून कोणाला माहीत आहे?"

"धारूळच्या सय्यदभाईंना. आणि आता तुम्हाला."

"मग इथंच राहू दे. टाकीत पाऊण तासाचं जास्तीचं इंधन असतंच ना? त्यातून निघेल तुझं शंभर किलोमीटर."

"ते अडीअडचणीसाठी असतं साहेब. धारूळवर वावटळ आली, उतरता आलं नाही, तर त्यासाठी. निघतानाच ते खाऊन टाकायचं म्हणजे अडचण सोबत घेऊनच निघायचं."

"सारिका, नऊ सीटांच्या हिशेबावर ही फेरी मंजूर झालीय. तू आज अंतर बदललंस तर उद्या आठ, परवा सात. किती दिवस चालेल?"

"ते मला माहीत नाही."

त्यांनी रुमालानं मान पुसली. "बरं. शंभर काढायचे ना? ते म्हातारा-म्हातारी किती आहेत?"

विचारलं आणि मी उत्तर देऊन बसले. "एकशे तीन."

"झालं तर. त्यांना शुक्रवारी पाठव. ते बोंबलणार नाहीत."

"शेवटी आलेला प्रवासी आधी उतरतो, असं आपल्याच पुस्तकात आहे. शेवटी आमदार आले, सव्वा तास उशिरा. ते एकशे आठ आहेत. ते एकटे उतरले की पुरतं."

निमकरांनी रुमाल खिशात कोंबला. "म्हणजे चूक तुझी आणि उतरायचं आमदारांनी?"

"चूक माझीच आहे. म्हणून दुसरी करणार नाही."

त्यांनी कॅप्टन वर्द्यांना बोलावलं. दोन सह्यांच्या नियमात एकच पळवाट होती, माझी सही नसेल तर कॅप्टन स्वतःच्या जबाबदारीवर तीही करू शकत, आणि ती निमकरांना ठाऊक होती. वर्द्यांनी कागद बघितला, जानेवारीची दोन पानं बघितली, आणि वैतागून माझ्याकडे वळले.

"हे मला कशाला सांगितलंस? नसतं सांगितलंस तर गेलो असतो मी."

"म्हणूनच सांगितलं," मी म्हटलं.

"आता कळल्यावर मी सही करणार नाही, निमकर," ते म्हणाले. "ही मांडेल तो आकडा मला मान्य. कोणाला उतरवायचं ते तुम्ही ठरवा, मी आत बसतो." आणि ते गेले. त्यांच्याकडून मी याहून जास्त अपेक्षा केली होती, ते कबूल करते.

निमकर माझ्याआधी विमानापाशी पोचले. आठही जण आत बसलेले होते. शिडीच्या दारातून डोकावून निमकर गोड आवाजात म्हणाले, "काका, काकू, जरा खाली या. सामानाचं थोडं काम आहे."

लटारूकाका लगेच पट्टा सोडायला लागले. तोवर मी शिडीशी आले होते. मी म्हटलं, "काका, सामानाचं काही काम नाही. तुम्ही उतरलात तर विमान तुम्हाला सोडून जाईल."

निमकरांनी माझं नाव घेतलं, हळू आवाजात. मी थांबले नाही. वजन जास्त आहे, दोघांना उतरवायचं ठरतंय, मी त्याला तयार नाही, हे मी सांगितलं. काकांचा चेहरा उतरला. पण तो माणूस सरकारी नोकरीत आयुष्य काढलेला, साहेब लोकांपुढे उभं राहायची सवय असलेला. ते म्हणाले, "नोका भांडू मॅडम. आमच्यापायी तुमची नोकरी जाईन. आमी जाऊ शुक्रवारी."

"शुक्रवारी कमिटी बसते का?" बयनाबाईंनी विचारलं.

काकांचा हात सोडलेल्या पट्ट्याकडे गेला.

"मंग बसा खाली," त्या म्हणाल्या. स्वतः त्या हललेल्याही नव्हत्या. पट्टा दोन्ही हातांनी धरून ठेवला होता.

एवढ्यात फोटोवाल्यांच्या घोळक्यातून आमदार शिडीपाशी आले. "काय झालं निमकर? निघाचं ना?"

निमकर काही बोलायच्या आत मी बोलले. मागाहून लोकांनी मला फार शूर ठरवलं, पण माझा आवाज चढला तो भीतीनं चढला.

"साहेब, विमानात शंभर किलो जास्त आहेत. अंतर मोजण्यात चूक झाली होती, ती माझी आहे. वर तासाभरात ऊन वाढलं. कोणाला तरी उतरावं लागेल. जो शेवटी येतो तो आधी उतरतो. शेवटी तुम्ही आलात."

ढोलवाला वाजवायचा थांबला. मागचा एक कार्यकर्ता पुढे सरसावला, त्याला आमदारांनी हातानंच अडवलं.

"कोनाची व्हय तू?"

"गणपत वाढईंची. सुतारपुऱ्यातली."

"तुया बापाले माईत हाय का, तू इथं काय करून राहिली ते?"

"नाही. संध्याकाळी सांगेन."

"अन् मी चढलो तं?"

"चढा. मी तुम्हाला ओढून काढू शकत नाही. फक्त मी सही करणार नाही. मग तुमच्यासकट सगळे इथंच बसतील, या उन्हात."

आमदारांचं हसू गेलं होतं. ते निमकरांकडे बघत होते, निमकर जमिनीकडे. मला त्या क्षणी खात्री होती की हा माणूस आता शिडी चढणार आणि मग त्याला खाली उतरवायची हिंमत माझ्यात उरणार नाही. तेवढ्यात वरून आवाज आला.

"बाबारावजी."

बयनाबाई दारात येऊन उभ्या होत्या. पदर नीट घेतलेला, फाईल हातात.

"माह्या सुनेचे दोनी मूत्रपिंड गेले. माहं एक देतो मी तिले. आईचं असतं तं कमिटी नसती लागली, सासूचं हाय म्हून लागते. त्यायले वाटते सासू सुनेले कायले देईन, पैशानं केलं असन नाईतं धाकानं केलं असन. म्हून मले अन् ह्यायले दोघायले समोर बसवून विचारनार हायेत, आज तीन वाजता. आज चुकलं तं मयना गेला. डाक्टर म्हनते तिच्यापाशी मयना नाई." त्या जरा थांबल्या. "तुमचं तिकडं काय हाय?"

बाबारावजींचं तिकडे काय होतं, ते तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. शाल आणि श्रीफळ होतं.

मला त्यांच्याबद्दल खोटं सांगायचं नाही. त्यांच्या डोळ्यांत एक क्षण काहीतरी हललं, ते मी पाहिलं. पण दुसऱ्याच क्षणी त्यांची नजर फोटोवाल्यांकडे गेली आणि चेहऱ्यावर हसू परत आलं. गळ्यातला एक हार काढून त्यांनी बयनाबाईंच्या हातात दिला. "माय, माही जागा तुमाले," ते मोठ्यानं म्हणाले. "माझ्या मतदारसंघातल्या माउलीसाठी एक काय, धा सत्कार सोडीन." कॅमेरे वाजले. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात तोच फोटो होता आणि आमदारांच्या मोठ्या मनाबद्दल दोन कॉलम होते. त्यांनी जी जागा दिली ती मुळात बयनाबाईंचीच होती, हे काही कोणी लिहिलं नाही.

शिडी काढताना आमदार निमकरांना म्हणाले, "हे पोरगी उद्या इथं दिसली नाई पायजे." हे मात्र ते हळू म्हणाले.

मी कागदावर तीनशे वीस लिहिलं, आठ माणसं लिहिली, सही केली. सव्वाअकराला विमान उठलं. आठ माणसांनिशीही त्यानं पट्टीचं शेवटचं टोक जवळजवळ गाठलं होतं. निमकर माझ्या शेजारी उभे होते. त्यांनीही ते पाहिलं.

दुपारी एक वाजता त्यांनी मला खोलीत बोलावून समोर एक टाइप केलेला कागद ठेवला. 'अतिउष्णतेमुळे आजच्या फेरीत एक प्रवासी कमी नेण्यात आला. वडसाळा-धारूळ अंतर पूर्वीप्रमाणेच दोनशे सत्तर किलोमीटर धरावे.' खाली माझं नाव आणि सहीची जागा.

"यात तुझी चूक कुठंही येत नाही," निमकर म्हणाले. "आमदारांचं मी बघून घेतो. महिनाभर तुला नागपूरच्या ऑफिसात बसवतो, मग परत आणतो. शुक्रवारपासून उन्हाचं कारण सांगून सकाळी लवकर निघू. जमेल सगळं. मी तुला वाचवतोय सारिका, समजून घे."

ते खरंच मला वाचवत होते. आज मी स्वतः पोरापोरींना हे काम शिकवते, आणि दर वर्षी एखादी हुशार मुलगी विचारते की तिथं सही केली असती तर काय बिघडलं असतं? विमान पडलं असतं का? मी तिला सांगते, बहुतेक नसतं पडलं. जानेवारीत पडलं नव्हतं. वर्षभर पडलं नसतं. आणि त्या वर्षात वडसाळ्याचं प्रत्येक विमान कागदावर माझ्या सहीनं पन्नास किलोमीटर अलीकडच्या, कोणी उतरत नाही अशा पट्टीवर उतरत राहिलं असतं. मला ते नको होतं. याहून मोठं कारण माझ्याकडे तेव्हाही नव्हतं.

"मला वाचवू नका साहेब," मी म्हटलं.

मी उठून नोंदवही घेतली आणि शाईच्या पेनानं लिहिलं, 'वडसाळा ते धारूळ हवाई अंतर तीनशे वीस किलोमीटर. आधीचा दोनशे सत्तर हा आकडा चुकीचा असून तो जुन्या धावपट्टीवरून मी घेतला होता.' खाली सही, तारीख, वेळ. निमकरांनी ते वाचलं. मग हात पुढे केला. मी गळ्यातलं ओळखपत्र काढून त्यांच्या हातावर ठेवलं.

विमान परत यायची मी वाट पाहिली. तेवढा माझा हक्क होता. ते दोन वाजून दहा मिनिटांनी आलं. कॅप्टन वर्दे उतरले आणि माझ्या मोकळ्या गळ्याकडे बघून सगळं समजले.

"जाताना एकोणसाठ मिनिटं," ते म्हणाले. "येताना एकोणसाठ."

"वारा?"

"वारा नव्हता."

ते आत गेले. नोंदवहीत माझ्या ओळीखाली त्यांनी आपली सही केली आणि निमकरांना न विचारता त्या पानाचा फोटो काढून मुख्य कार्यालयाला पाठवून दिला. त्यानं माझी नोकरी काही वाचली नाही. पण त्या दिवसापासून धारूळ तीनशे वीसवर गेलं, ते परत अलीकडे आलं नाही. फेरी अकरा महिने आठ आणि सात माणसांवर चालली आणि मग बंद पडली. ती माझ्यामुळे बंद पडली असं निमकर आजही लोकांना सांगतात. सांगू देत.

साडेपाच वाजता मी बाबांच्या कारखान्यात बसले होते. बाबा रंधा मारत होते. मी सगळं सांगून टाकलं होतं. त्यांनी मला चहा आणून दिला होता. आमच्या घरात एवढं म्हणजे पुष्कळ. तेवढ्यात माझा फोन वाजला. लटारूकाकांचा होता. माझा नंबर त्यांना तिकिटाच्या पाकिटावर मिळाला होता.

"पोचलो मॅडम, पावणेतीनले. झालं. मंजूर झालं."

मी उठून दारात आले. "छान झालं काका," एवढंच म्हटलं.

"पन बायकोनं कमिटीत गोंधळ घातला."

"कसला गोंधळ?"

"तिलेच विचारा."

फोनवर खरखर झाली आणि बयनाबाईंचा आवाज आला.

"काई नाई बाई. ह्यायले बाहेर बसवलं अन् मले एकटीले विचारलं, आजी, खरं सांगा, कोनी जबरदस्ती केली का? मी म्हनलं, हो. समदे लिवाचे थांबले. मोठा डाक्टर म्हने, कोनी केली? मी म्हनलं, मीच केली. पोरगा नाई म्हने, नवरा नाई म्हने, सून तं पाय धरून रडली. समद्यायवर जबरदस्ती करून इथवर आली साहेब, आता तुमच्यावर कराची हाय."